पाचव्यांदा खारकोव्ह

गुरुवार, २४ फेब्रुवारी २०२२

तनुजाचा फोन सकाळी चहाच्या वेळेला आला. तिच्याकडं तेव्हा पहाट. खारकोव्हला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे ती. म्हणाली, पप्पा, बॉम्ब पडतायत, खिडक्या हलतायत. मागं एक पोरगी रडत होती. ती आमरीन, तनुजाची रूममेट, गुलमंडीतल्या कापडदुकानवाल्या गयासभाईंची मुलगी. तनुजाच्या आईनं, करुणानं, फोन माझ्या हातातून घेतला आणि नुसता कानाला लावून बसली.

टीव्हीवाले खारकीव्ह म्हणतात. आम्ही आयुष्यभर खारकोव्ह वाचलं आणि खारकोव्ह शिकवलं. मी तेच लिहिणार.

दुपारी माळ्यावरून युरोपचा कापडी नकाशा काढला. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं तो मलाच देऊन टाकला होता. टीव्हीशेजारी टांगला. करुणा म्हणाली, आत्ता हे कशाला काढलंत? अगं, आत्ता नाही तर मग कधी? बजाजनगरात 'महायुद्धाचे सर' कुठं राहतात विचारलं तर रिक्षावाला दारात आणून सोडतो. दुसरं महायुद्ध मी कधी फळ्यावर शिकवलंच नाही. कबड्डीच्या मैदानावर फक्कीनं व्होल्गा नदी काढायची, निम्मा वर्ग अल्याड, निम्मा पल्याड, आणि मग स्टालिनग्राड. कंपनीत कामाला लागलेली बाप्ये पोरं अजून रस्त्यात थांबवून सांगतात, सर, मी स्टालिनग्राडला मेलो होतो.

खोटं कशाला लिहू? एवढ्या काळजीतही मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं. आपल्याला जे येतं ते पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडणार.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

तनुजाशी भांडण झालं. हॉस्टेलातल्या केरळच्या सिनियर पोरी स्टेशनवर जाऊन मिळेल ती गाडी धरून पश्चिमेकडं निघायचं म्हणतायत. तिलाही जायचंय. मी स्पष्ट सांगितलं, स्टेशनवर पाय ठेवायचा नाही. महायुद्धात बॉम्ब सगळ्यात आधी कुठं पडत होते? स्टेशनवर आणि पुलांवर. खारकोव्हसाठी मागच्या युद्धात चारदा लढाई झाली. रस्त्यानं पळणाऱ्या लोकांवर वरून विमानं गोळ्या झाडत जायची, आणि तळघरात बसले ते वाचले. स्टालिनग्राडला बायकापोरं कित्येक महिने तळघरात राहिली. तुला फार तर चार दिवस काढायचेत. रशियाचं सैन्य एवढं मोठं, शहर दोन-तीन दिवसांत पडेल, मग गोळीबार थांबेल, मग सरकार तुम्हाला शिस्तीत बाहेर काढेल.

ती म्हणाली, "पप्पा, ते त्रेचाळीस साल होतं."

मी म्हटलं, जमीन तीच आहे ना? तिनं फोन ठेवला. लाडावून ठेवलीय.

संध्याकाळी गयासभाई आणि मुनिराभाभी गुलमंडीहून स्कूटरवर आले. दोघांचे चेहरे उतरलेले. दोन्ही पोरी एकाच एजंटामार्फत गेल्या, तेव्हापासूनची ओळख. ईदला शीरखुर्मा आमच्याकडं येतो, चौदा एप्रिलला आमच्याकडची खीर त्यांच्याकडं जाते. गयासभाई नकाशासमोर हात मागं बांधून उभे राहिले, माझ्या वर्गात उभे असल्यासारखे. मी छडीनं सगळं समजावून सांगितलं. स्टेशन कुठं असेल, सैन्य कुठून आत येईल, तळघर का बरं.

"सर, आम्ही कापड मोजणारी माणसं," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल ते करू."

तिथूनच त्यांनी आमरीनला फोन लावला. "बेटा, सर बोल रहे, स्टेशन को नक्को जाना. अम्मी की कसम है तेरे को." मुनिराभाभी म्हणाल्या, कसम कशाला घालता? गयासभाई म्हणाले, त्याशिवाय पोरं ऐकत नाहीत.

मला पटलं. आपल्या पोरीला शपथ घालायची सोय आपल्या बौद्धांच्या घरात नाही, नाहीतर मीही घातली असती.

रविवार, २७ फेब्रुवारी

आज रशियाचे सैनिक शहरात शिरले आणि दुपारपर्यंत त्यांना हाकलून दिलं. म्हणजे शहर पडलं नाही. माझा अंदाज थोडा चुकला, पण थोडाच. पहिला हल्ला परतवला म्हणून लढाई जिंकली असं होत नाही. दहावीच्या पोरांना मी हेच सांगायचो. 'युद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया' असा हमखास प्रश्न यायचा आणि पोरं उत्तरात प्रत्येक लढाईला कलाटणी देऊन मोकळी व्हायची.

तनुजा फोनवर कमीच बोलली. बिस्किटं संपत आलीत, पाणी कमी आहे, बर्फ वितळवून पितात. मी म्हटलं, स्टालिनग्राडलाही तसंच होतं. मग म्हणाली, मम्मीला द्या.

करुणा फोन घेऊन गच्चीवर गेली. घरात म्हणे रेंज येत नाही. इतकी वर्षं येत होती.

सोमवार, २८ फेब्रुवारी

सकाळपासून तनुजा माझा फोन उचलत नव्हती. 'ठीक आहे पप्पा, चार्जिंग वाचवतेय,' एवढा मेसेज. शेवटी दुपारी एकदा लागला. मागं मोठा गलबला. लहान लेकरं रडत होती, बायका ओरडत होत्या, कुणीतरी दार बडवत होतं. तळघरात लई गर्दी झालेली दिसते. आणि सारखी धडधड, धडधड, एका लयीत. तोफा असणार. मी म्हटलं, बेटा, घाबरू नको, आवाज लांबचा आहे. ती म्हणाली, नाही घाबरले. एवढ्या धडधडीत पोरीचा आवाज शांत होता. मला फार अभिमान वाटला. माझीच पोरगी.

गयासभाईंना सांगता यावं म्हणून म्हटलं, आमरीनला दे जरा. तनुजा म्हणाली, ती इथं नाहीये, पाणी आणायला वर गेलीय. मी रागावलो. वर कशाला पाठवलीस तिला? तेवढ्यात फोन कटला.

करुणानं मात्र स्वतःला चांगलं सावरलंय. गुरुवारपासून रडत होती, आज तिनं पोटभर भाकरी खाल्ली. मी रोज नकाशावर नीट समजावून सांगतो त्याचा परिणाम. संध्याकाळी विहारात जाऊन दान देऊन आली. आज ना पौर्णिमा ना काही. विचारलं तर म्हणाली, असंच, वाटलं.

मंगळवार, १ मार्च

खारकोव्हला आपला एक विद्यार्थी गेला. खाण्याचं सामान आणायला रांगेत उभा होता. कर्नाटकचा. टीव्हीवर त्याच्या वडिलांना दाखवत होते, मी बंद केला.

गयासभाईंचा फोन. सर, आमरीनला काढू का तिथून? पोरं गाड्या धरून चाललीत म्हणतात. मी म्हटलं, गयासभाई, उलट विचार करा. तो पोरगा कशानं गेला? बाहेर पडला म्हणून. तळघरात असता तर आज असता. आपल्या पोरी आत आहेत, आतच राहू द्या. ते म्हणाले, बरोबर आहे सर.

स्वयंपाकघरातून करुणा बाहेर आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, "त्यांना परत फोन लावा. आमरीनला आत्ताच्या आत्ता काढा म्हणावं."

मी म्हटलं, तुला युद्धातलं काय कळतं? ती माझ्याकडं बघत उभी राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण वळून आत गेली. रात्री जेवली नाही. बायकांचं असंच असतं, काल शांत होती, आज पुन्हा सगळं मुसळ केरात.

बुधवार, २ मार्च

काय लिहू आणि कसं लिहू?

दुपारी टीव्हीवर पट्टी आली. आपल्या दूतावासानं सांगितलं, सगळ्या भारतीयांनी आजच्या आज खारकोव्ह सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत निघा. गावांची नावं दिली होती, पेसोचिन वगैरे. माझ्या नकाशावर ती गावं नाहीत. मी भिंग घेऊन शोधत होतो.

गयासभाईंचा फोन आला. सर, आता? मी म्हटलं, थांबा, जरा विचार करू द्या. उघडा रस्ता, बर्फ, वरून मारा. एकेचाळीसला, बेचाळीसला, त्रेचाळीसला त्या रस्त्यांवर काय झालं ते मला ठाऊक. दूतावासात बसलेल्या साहेबांना इतिहास कुठं माहीत असतो? मी म्हटलं, तुम्ही लाइनवर राहा. आणि छडी घेऊन नकाशासमोर उभा राहिलो.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. करुणानं फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं असं कधी केलं नव्हतं.

"भाईसाहेब, भाभींना द्या," ती म्हणाली. "भाभी, आमरीनला आत्ता निघायला सांगा. शपथ मोडा. तनुजा सोमवारीच गेली. गाडीनं गेली. पोलंडच्या हद्दीजवळ पोचलीय ती."

फोनमध्ये काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. मी खुर्चीत बसलो. सोमवार. ती धडधड.

मग करुणानं एकेक सांगितलं. रविवारी गच्चीवर ठरलं. तनुजा म्हणाली, पप्पांना सांगू नको, ते मला मधल्या स्टेशनवर उतरायला लावतील. आमरीनही निघाली होती. पाठीला बॅग लावून दोघी हॉस्टेलच्या फाटकापर्यंत आल्या. तिथं आमरीन थांबली. म्हणाली, अम्मीची कसम आहे, मला जमणार नाही. तनुजानं तिचा हात ओढला, केरळच्या पोरींनी ओढला. ती मागं फिरली.

मी म्हटलं, मग तू गयासभाईंना सोमवारीच का नाही सांगितलंस? करुणा म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला विचारलं असतं. आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझं लेकरू निघेपर्यंत मी तोंड शिवून बसले, म्हणाली. दुसऱ्याच्या लेकराचं मला नंतर सुचलं.

संध्याकाळी मुनिराभाभींचा फोन. आमरीन चालत निघाली, दहा-बाराजणांच्या गटाबरोबर. तिच्याशी नीट बोलणं झालं नाही म्हणाल्या. ती सारखं, जोर से बोलो अम्मी, जोर से बोलो, एवढंच म्हणत होती. नेटवर्क खराब असणार.

गुरुवार, ३ मार्च

तनुजा पोलंडात पोचली. कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये आहे. मी फोन घेतला तेव्हा मला वाटलं होतं, चांगलं खडसावीन. 'पप्पा' म्हणाली आणि मला रडूच आलं. तीही रडत होती. म्हणाली, मी तिचा हात सोडायला नको होता. पप्पा, मी गाडीत चढले आणि दार लागल्यावर मला कळलं की मी तिला सोडून आले.

तिनं माझं ऐकलं असतं तर तीही आज तिथंच असती. दोघी असत्या. हे मला आज दिवसभर कळत होतं आणि दिवसभर मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करायचा प्रयत्न करत होतो.

आमरीनचा फोन बंद.

दुपारी गयासभाई एकटेच आले. मला वाटलं, आता गळपट्टी धरणार. धरायलाच पाहिजे होती. ते आले, चप्पल काढली, करुणाला सलाम केला, तनुजा पोचली हे फार चांगलं झालं म्हणाले. खरंच तसं म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग नकाशासमोरच्या खुर्चीत बसले.

नकाशाकडं बघत त्यांनी विचारलं, "सर, आता पुढं काय होईल?"

एवढं झाल्यावरही हा माणूस मलाच विचारत होता. मी म्हटलं, गयासभाई, मला माहीत नाही. असं मी कुणापुढं कधी म्हटलं असेल असं आठवत नाही. चहा तसाच ठेवून ते उठले. ते गेल्यावर मी नकाशा गुंडाळायला घेतला, पण एक खिळा निघेना, तो अर्धा तसाच लोंबतोय.

शनिवार, ५ मार्च

आमरीन जिवंत आहे. पेसोचिनला आहे. आज बस मिळाली. मुनिराभाभींनी करुणाला फोन केला. मला नाही.

कान गेलाय तिचा, डावा. बुधवारी सकाळी हॉस्टेलच्या शेजारच्या इमारतीवर काहीतरी पडलं. ती तळघराच्या जिन्यात होती. कानातून रक्त येत असताना चालत गेली, आणि फोनवर आईला एवढंच म्हणत राहिली, जोर से बोलो.

मंगळवारी गयासभाईंनी मला विचारलं होतं, काढू का. मंगळवारी. मी नाही म्हणालो. बुधवारी सकाळी कान गेला. ह्यात समजून घ्यायला नकाशा लागत नाही.

गुरुवार, १० मार्च

तनुजा घरी आली. लेकरू अर्धं राहिलंय. झोपेत पाय झाडते. माझ्याशी नीट बोलते, पपईच्या फोडी करून दिल्या त्या खाल्ल्या, पण युद्धाचं काही विचारलं की उठून आईजवळ जाऊन बसते. आज एकदाच म्हणाली, पप्पा, तुम्हाला राग आला ना? मी म्हटलं, तू माझं ऐकलं असतंस तर मला तू दिसली नसतीस. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

शाळेतून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. सध्या तिथंच मास्तर आहे. म्हणाला, सर, या युद्धावर पोरांपुढं एक व्याख्यान द्या, कलाटणी कुठं मिळाली यावर. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

शनिवार, १९ मार्च

आज गुलमंडीला जाऊन आलो. आमरीन येऊन आठवडा झाला, तनुजा दोनदा जाऊन आली, मला पाऊल उचलत नव्हतं. करुणा म्हणाली, जायचं तर एकटे जा, मी सोबत येऊन तुमच्या वतीनं बोलणार नाही.

दुकान खाली, घर वर. गयासभाई गिऱ्हाइकात होते, त्यांनी हातानंच वर जा म्हटलं. मुनिराभाभींनी पाणी दिलं आणि आत गेल्या. आमरीन खिडकीशी बसली होती. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो, खाली मान घालून सगळं एका दमात बोललो. की बेटा, माझ्यामुळं झालं. तुझ्या वडिलांनी मंगळवारी विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला सगळं कळतं असं मी त्यांना दाखवलं. बोलून झालं आणि वर पाहिलं तर ती रस्त्याकडंच बघत होती. मग माझ्याकडं वळून हसली.

"सर, कधी आलात? ह्या बाजूनं मला ऐकू येत नाही. इकडं बसा ना."

मी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. पहिल्यांदा जमलं होतं कारण मी मान वर केली नव्हती. आता ती तोंडाकडं बघत होती. तरी बोललो. अडखळत, अर्धं राहिलं, पण बोललो.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "कसम अब्बूंनी घातली होती सर, तुम्ही नाही. फाटकातून मागं मी फिरले. पण अब्बूंना असं काही बोलू नका. ते रात्रभर जागे असतात."

मला वाटलं, पोरगी समंजस आहे, माझी सुटका करतेय. मी मनाशी म्हटलं, नाही, गयासभाईंपुढं बोलल्याशिवाय इथून जायचं नाही. खाली उतरलो.

दुकानात एक बाई दोन मुलींना घेऊन ड्रेसचं कापड बघत होत्या. गयासभाईंनी मला गादीवर बसवलं आणि त्या बाईंना म्हणाले, "ह्ये आमचे सर. ह्यांनी मार्गदर्शन केलं म्हणून आमची आमरीन त्या लढाईतून वापस आली." बाई अदबीनं माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, गयासभाई, जरा बाजूला या, बोलायचंय. ते कापडाच्या थानांच्या रॅकमागं आले. मी म्हटलं, हे लोकांना सांगू नका. खोटं आहे हे. माझ्यामुळं तिचा कान गेला. तुम्ही मला शिव्या द्या, पण हे असं सांगू नका.

त्यांच्या गळ्यात मोजायची पट्टी होती. तिचं टोक ते बोटाला गुंडाळायला लागले.

"मला माहीत आहे, सर," ते हळू आवाजात म्हणाले. "पण लोक येतात, विचारतात. तुमची तनुजा सोमवारी निघाली, मग आमरीन का राहिली? मी काय सांगू? बापानं आईची कसम घालून पोरीला मरायला ठेवली, असं सांगू? मुनिरा माझ्याशी बोलत नाही. म्हणून मी सांगतो, सरांनी सांभाळून काढलं. मग लोक पुढचं विचारत नाहीत." त्यांनी माझा हात धरला. "माझ्यासाठी एवढं राहू द्या."

मला वाटत होतं, मी कबूल केलं की माझं ओझं उतरेल. त्या माणसाला माझी कबुली नको होती, माझं नाव हवं होतं. तेवढंच एक पांघरूण उरलं होतं त्याच्याकडं.

आम्ही रॅकमागून बाहेर आलो. बाई मुलींना म्हणाल्या, सरांच्या पाया पडा, फार मोठे आहेत. मुली वाकल्या. गयासभाई माझ्याकडं बघत होते. मी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा.